सी-७ लायसन्स: कॅलिफोर्नियात लो-व्होल्टेजचं काम स्वतःच्या नावावर करायचं असेल तर

सीसीटीव्ही, ऑफिसचं नेटवर्क केबलिंग, इंटरकॉम, स्पीकर सिस्टिम, डिश, बागेतले बारा व्होल्टचे दिवे. आपल्याकडे ही कामं करायला कोणी वायरमनचं लायसन्स मागत नाही. शॉप ॲक्टची नोंदणी, जीएसटी आणि चांगला हात एवढ्यावर धंदा उभा राहतो. कॅलिफोर्नियात याच कामांसाठी राज्य सरकारचं वेगळं काँट्रॅक्टर लायसन्स आहे, त्याचं नाव सी-७. ते देतं काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं सीएसएलबी. मुख्य कार्यालय सॅक्रामेंटोला.

मी या प्रक्रियेतून गेलो आहे. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फॉर्मही पाहिले. लोक परीक्षेला घाबरतात, पण अर्ज अडकतात ते बहुतेक अनुभवाच्या कागदावर. म्हणून तो भाग मी सविस्तर लिहिला आहे, बाकीचं गरजेपुरतं. खालची सगळी माहिती फक्त कॅलिफोर्नियाची आहे. टेक्सास, जॉर्जिया, न्यू जर्सीचे नियम वेगळे आहेत, तिथे यातलं काही गृहीत धरू नका.

१. आधी ठरवा: तुम्हाला लायसन्स लागतं का?

छोट्या कामांना सूट आहे. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा १,००० डॉलर झाली, त्याआधी ती ५०० होती. पण ही सूट घ्यायची तर तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: मजुरी आणि माल धरून पूर्ण कामाची रक्कम १,००० डॉलरच्या आत, कामाला परमिट लागत नाही, आणि तुम्ही हाताखाली कोणालाही कामावर ठेवलेलं नाही. एक मदतनीस घेतलात की सूट संपली.

इथे पहिला सापळा. एका घराचं काम तीन बिलांत फोडलं की प्रत्येक बिल हजाराच्या आत बसतं, असं सुचवणारे भेटतील. कायदा बिल पाहत नाही, पूर्ण काम पाहतो. चार कॅमेरे, एक रेकॉर्डर, केबल आणि दोन दिवसांची मजुरी धरलीत की हजाराची रेघ ओलांडायला वेळ लागत नाही.

विनालायसन्स काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. पहिल्याच वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण रोजच्या व्यवहारात त्याहून जास्त झोंबणारं कलम म्हणजे बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं ७०३१. लायसन्स नसताना केलेल्या कामाचे पैसे गिऱ्हाइकाने बुडवले तर तुम्हाला कोर्टात मागता येत नाहीत. उलट गिऱ्हाईक आधी दिलेले सगळे पैसे परत मागू शकतं. काम उत्तम झालेलं असलं तरी. त्यामुळे ‘आधी कामं घेऊ, लायसन्सचं नंतर बघू’ हा मार्ग धरू नका.

२. सी-७ मध्ये काय बसतं आणि काय बसत नाही

व्याख्या सोपी आहे: ऊर्जा मर्यादित असलेल्या आणि ९१ व्होल्टच्या वर न जाणाऱ्या दळणवळणाच्या व लो-व्होल्टेज सिस्टिम बसवणं, त्यांची देखभाल आणि दुरुस्ती करणं. टेलिफोन, साउंड, केबल टीव्ही, सीसीटीव्ही, डिश अँटेना, इन्स्ट्रुमेंटेशन, तापमान नियंत्रण आणि बागेतले लो-व्होल्टेज दिवे यांची नावं नियमातच आहेत.

हा ९१ चा आकडा डोक्यात पक्का ठेवा. पीओई कॅमेऱ्याच्या (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणाऱ्या) केबलमधून साधारण पन्नासेक व्होल्ट जातात, ते आत बसतं. अमेरिकेत मॉल, शाळा, मंदिरांत स्पीकरची जी लाइन असते ती ७० व्होल्टची, तीही बसते. पण आपल्याकडे सभागृहांत, देवळांत, शाळांत सर्रास १०० व्होल्ट लाइनवर स्पीकर चालतात. अहुजाच्या ॲम्प्लिफायरमागे १०० आणि ७० अशी दोन्ही टर्मिनल तुम्ही पाहिली असतील. हाताला सवय १०० ची असते. इथे ते ९१ च्या बाहेर गेलं, म्हणजे सी-७ च्या बाहेर गेलं. एखाद्या मंडळाच्या हॉलमध्ये जुनी सिस्टिम बदलायला गेलात तर आधी ॲम्प्लिफायरच्या कोणत्या टॅपवर (टर्मिनलवर) जोडणी आहे ते बघा.

तीन कामं ‘आपलीच’ वाटतात, पण ती तुमची नाहीत:

• फायर अलार्म. वायर लो-व्होल्टेजचीच असते, पण सी-७ च्या नियमात फायर अलार्म स्पष्ट शब्दांत वगळला आहे. त्यासाठी सी-१० म्हणजे इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचं लायसन्स लागतं.

• चोरीचा अलार्म. तो धंदा करायचा तर ब्युरो ऑफ सिक्युरिटी अँड इन्व्हेस्टिगेटिव्ह सर्व्हिसेसचं अलार्म कंपनी ऑपरेटर लायसन्स लागतं. ते खातं वेगळं, अर्ज वेगळा.

• एनव्हीआरसाठी, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसाठी, नवा १२० व्होल्टचा पॉइंट काढणं. कपाटात प्लग नाही म्हणून शेजारच्या स्विचबोर्डातून ओढून घेऊ, असं मनातही आणू नका. ओळखीचा एक सी-१० वाला जोडून ठेवा आणि ते काम त्याला द्या.

फायर अलार्मची कामं तुमच्या डोक्यात पहिल्यापासूनच असतील तर सी-७ ऐवजी सरळ सी-१० च्या दिशेने अनुभव गोळा करा.

३. व्हिसा तपासा

सीएसएलबी नागरिकत्व मागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे कर भरण्यासाठी मिळणारा नंबर, चालतो. पण यातून ‘लायसन्स मिळालं म्हणजे काम करायला परवानगी आहे’ असा अर्थ काढू नका. काम करण्याचा हक्क इमिग्रेशनच्या कायद्यातून येतो, लायसन्स बोर्डाकडून नाही.

एच-१बी वर असाल तर ज्या कंपनीने तुम्हाला आणलं तिचंच काम करता येतं. शनिवार-रविवारी स्वतःच्या नावाने कॅमेरे बसवून पैसे घेणं तुमच्या स्टेटसला धोका आहे. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, ईएडी (कामाच्या परवानगीचं) कार्ड असेल तर स्वतःचा धंदा करता येतो. ग्रीन कार्डवाल्यांना अडचण नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा पैसे द्या आणि लेखी उत्तर घ्या. फेसबुक ग्रुपवरच्या सल्ल्यावर हे ठरवू नका.

४. अनुभव: अर्जाचा खरा जीव इथे आहे

अट अशी: अर्जाच्या आधीच्या दहा वर्षांत किमान चार वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, तोही ‘जर्नी-लेव्हल’चा किंवा त्यावरचा. जर्नी-लेव्हल म्हणजे कोणी मागे उभं न राहता ते काम स्वतः पूर्ण करू शकणारा कारागीर. फोरमन, सुपरव्हायझर किंवा स्वतः काँट्रॅक्टर म्हणून केलेलं कामही धरतात. शिकाऊ किंवा हेल्पर म्हणून काढलेली वर्षं मात्र धरत नाहीत. कोणाकडे सहा वर्षं काम केलं आणि त्यातली पहिली दोन हेल्परची असतील तर हातात चारच राहिली. अर्धवेळ कामाचं गणित अर्धंच होतं. एकाच काळात दोन नोकऱ्या दाखवून वर्षं दुप्पट होत नाहीत.

संबंधित शिक्षण किंवा प्रशिक्षण असेल तर त्यातून जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. म्हणजे शिक्षण कितीही असलं तरी निदान एक वर्ष प्रत्यक्ष हाताने केलेलं काम दाखवावंच लागतं. आपल्या विद्यापीठाची पदवी दाखवायची तर इथल्या मान्य संस्थेकडून तिचं मूल्यांकन करून घ्या. नुसती मार्कशीट जोडून भागत नाही.

आयटीतल्या मंडळींचा इथे हमखास गैरसमज होतो. ‘मी दहा वर्षं नेटवर्क ॲडमिन आहे, मला सी-७ सहज मिळेल.’ स्विच आणि फायरवॉल कॉन्फिगर करणं हे कितीही अवघड असलं तरी ते बांधकामाच्या धंद्यातलं काम नव्हे. बोर्डाला भिंत, सीलिंग, पाइप, केबल, रॅक, टर्मिनेशन, टेस्टिंग दिसायला हवं. विक्री, डिझाइन, प्रोजेक्टचं वेळापत्रक सांभाळणं यावरही अर्ज उभा राहत नाही.

अनुभव कॅलिफोर्नियातलाच हवा असं नाही. भारतातलाही मांडता येतो, पण तो पडताळता आला पाहिजे. त्यासाठी ‘सर्टिफिकेशन ऑफ एक्स्पिरियन्स’ नावाचा फॉर्म असतो. तो तुमच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी भरून सही करायचा असतो. मालक, सहकारी, दुसरा कारागीर, काँट्रॅक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, इमारतीचा इन्स्पेक्टर यांपैकी कोणीही चालतो. अट एकच: त्याने तुमचं काम स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. खोटं निघालं तर शपथभंगाची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून चुलतभावाला किंवा मित्राच्या मित्राला ‘एक सही कर रे’ म्हणून गळ घालू नका. त्यालाही अडकवाल.

या फॉर्ममध्ये कामाचं वर्णन लिहायला जागा असते, आणि बहुतेक जण तिथे एक ओळ लिहून मोकळे होतात: ‘सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं केली.’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. तुम्ही कॅमेरे विकत होता, बसवत होता की बसवणाऱ्याला चहा नेऊन देत होता? त्याऐवजी काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने लिहा, अर्थात इंग्रजीत. असं काहीतरी:

‘ऑफिस इमारतींत नकाशावरून कॅमेरे व डेटा पॉइंटच्या जागा आखल्या, मालाचा अंदाज काढला. सीलिंगच्या वर जे-हुक (केबलला आधार देणारे आकडे) लावून कॅट-६ केबल ओढली. भिंतीतून व मजल्यांतून गेलेल्या छिद्रांना फायरस्टॉप (आग पसरू नये म्हणून भरणी) केलं. रॅक उभारून अर्थिंगला जोडला, पॅच पॅनल आणि जॅक टर्मिनेट केले. प्रत्येक लिंक टेस्टरवर तपासून रिपोर्ट दिला. कॅमेरे व रेकॉर्डर बसवून चालू केले, नंतरचे बिघाड शोधून दुरुस्त केले.’

फरक दिसतो ना? यातलं प्रत्येक क्रियापद हाताने केलेल्या कामाचं आहे, आणि प्रत्येक काम सी-७ च्या व्याख्येत बसतं. वर्णन सर्टिफाय करणाऱ्याच्या शब्दांत असू द्या, पण त्याच्यासमोर बसून आठवण करून द्या. आपली माणसं फार थोडक्यात लिहितात.

दुसरा मुद्दा पुराव्यांचा. बोर्ड ठरावीक प्रमाणात अर्ज चिठ्ठी काढल्यासारखे निवडून त्यांची कसून तपासणी करतं. शंका आली तर कोणताही अर्ज बाजूला काढतं. तेव्हा डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद), टॅक्स रिटर्न, पगाराच्या पावत्या, काँट्रॅक्ट, परमिट, माल खरेदीची बिलं मागितली जातात. भारतातल्या अनुभवासाठी नेमणुकीचं पत्र, अनुभवाचा दाखला, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, स्वतःचं दुकान असेल तर शॉप ॲक्टची नोंदणी, जीएसटीची कागदपत्रं आणि गिऱ्हाइकांची बिलं, एवढं अर्ज भरण्याआधी एका फाइलमध्ये जमवा. पत्र मिळालं की नंतर पळापळ करायला वेळ कमी असतो, आणि जुना मालक तेव्हा फोन उचलेलच असं नाही. मराठीतल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर सोबत हवं.

रोखीत केलेल्या कामाचा कागद नसतो. भारतातल्या बऱ्याच जणांची निम्मी वर्षं इथेच गळतात. त्यावर एकच प्रामाणिक उपाय आहे: इथे एखाद्या सी-७ किंवा सी-१० कंपनीत पगारावर लागा, डब्ल्यू-२ घेत राहा आणि उरलेली वर्षं भरून काढा. या काळात इथलं कोड, इथलं सामान, इथल्या इन्स्पेक्टरची पद्धतही कळते. मला स्वतःला हा रस्ता सगळ्यात चांगला वाटतो, मागचा अनुभव पुरेसा असणाऱ्यांनाही.

५. लायसन्स कोणाच्या नावावर?

सोल ओनर (एकटा मालक), भागीदारी, कॉर्पोरेशन, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असे पर्याय आहेत. लायसन्स त्या धंद्याचं असतं. आज सोल ओनर म्हणून काढलं आणि दोन वर्षांनी कॉर्पोरेशन केलं, तर कॉर्पोरेशनसाठी नवा अर्ज करावा लागतो.

‘सगळे एलएलसी करतात’ म्हणून एलएलसी करू नका. काँट्रॅक्टरच्या एलएलसीला नेहमीच्या बाँडखेरीज (बाँड म्हणजे काय ते नवव्या भागात आहे) आणखी १,००,००० डॉलरचा बाँड आणि किमान दहा लाख डॉलरचा लायबिलिटी इन्शुरन्स दाखवावा लागतो. शिवाय राज्याचा किमान ८०० डॉलरचा वार्षिक कर वेगळा. एकट्याने सुरुवात करणाऱ्याला सोल ओनर बहुतेक वेळा पुरतं. कर आणि जबाबदारीचा हिशोब सीपीएकडून (इथल्या सीएकडून) समजून घ्या.

प्रत्येक लायसन्समागे एक ‘क्वालिफायिंग इंडिव्हिज्युअल’ असतो, ज्याचा अनुभव आणि परीक्षा त्या लायसन्सला आधार देतात. तो तुम्ही स्वतः असू शकता किंवा तुमचा कर्मचारी. कर्मचारी असेल तर त्याने आठवड्याला किमान ३२ तास किंवा धंद्याच्या एकूण वेळेच्या ८० टक्के वेळ खरोखर काम करायला हवं. ‘महिन्याला अमुक डॉलर द्या, माझं लायसन्स वापरा’ असं सांगणारे एजंट सापडतील. कामावर प्रत्यक्ष देखरेख नसलेला क्वालिफायर हा शिस्तभंगाचा गुन्हा आहे आणि त्यात दोघेही अडकतात. अशा माणसाला दारातूनच परत पाठवा.

६. अर्ज आणि कागद

वय १८ पूर्ण हवं. अर्जाचं नाव ‘ॲप्लिकेशन फॉर ओरिजिनल काँट्रॅक्टर लायसन्स’. अर्जाची फी ४५० डॉलर. लायसन्स मंजूर झाल्यावर सुरुवातीची लायसन्स फी सोल ओनरला २०० डॉलर, बाकीच्या प्रकारांना ३५०. पैसे भरण्याआधी बोर्डाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची फी एकदा बघून घ्या. सध्या कोणत्या तारखेचे अर्ज तपासले जात आहेत तेही तिथेच दिसतं, त्यामुळे रोज फोन करायची गरज पडत नाही.

हे सगळं टेबलावर मांडल्याशिवाय पाकीट बंद करू नका:

• पूर्ण भरलेला आणि सही केलेला अर्ज
• सर्टिफिकेशन ऑफ एक्स्पिरियन्स, प्रत्येक नोकरीसाठी वेगळा
• पदवी किंवा प्रशिक्षणाची सवलत हवी असेल तर मूल्यांकनासह कागद
• सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन
• धंद्याचं नाव. कॉर्पोरेशन किंवा एलएलसी असेल तर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडची नोंदणी
• फी
• पाठवलेल्या प्रत्येक पानाची झेरॉक्स स्वतःजवळ

नावाबद्दल विशेष सांगतो. आपली नावं पासपोर्टवर एक, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं, सोशल सिक्युरिटी कार्डावर तिसरं अशी असतात. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी, कुठे फक्त आद्याक्षर. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जावरचं नाव ताडून बघतात. एकच रूप ठरवा आणि अर्ज, फिंगरप्रिंट, बाँड, इन्शुरन्स, बँक सगळीकडे अक्षरशः तेच लिहा.

७. फिंगरप्रिंट

अर्ज स्वीकारला की लाइव्ह स्कॅनचा, म्हणजे संगणकावर बोटांचे ठसे देण्याचा, फॉर्म येतो. यूपीएस स्टोअर, पोलीस स्टेशन अशा ठिकाणी ठसे घेतात. न्याय विभागाचे ३२ आणि एफबीआयचे १७ डॉलर, वर त्या दुकानाची स्वतःची फी. फॉर्मची प्रत जपून ठेवा. ठसे हरवले किंवा वाचता आले नाहीत तर त्या प्रतीवरचा नंबर कामी येतो. केबल ओढून, ड्रिल धरून ज्यांची बोटं घासली आहेत त्यांनी आदल्या दोन दिवस हाताला मॉइश्चरायझर लावा.

८. दोन परीक्षा

एक ‘लॉ अँड बिझनेस’, जी सगळ्या काँट्रॅक्टरना सारखी असते, आणि दुसरी सी-७ ची ट्रेड परीक्षा. दोन्ही संगणकावर, पर्यायी उत्तरांच्या, पुस्तकाविना. घेते पीएसआय ही कंपनी. अर्ज परीक्षेसाठी मान्य झाल्यापासून १८ महिन्यांत दोन्ही पास व्हाव्या लागतात, नाहीतर अर्ज बाद होतो आणि फी पुन्हा भरावी लागते.

हातात कौशल्य असलेले लोक ट्रेडचाच अभ्यास करतात आणि लॉ अँड बिझनेसमध्ये घसरतात. कारण तिथली प्रत्येक गोष्ट आपल्याला नवी असते: कामगारांचे कर, वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामावर इजा झालेल्या कामगारासाठीचा विमा), घरदुरुस्तीच्या करारात काय लिहिणं बंधनकारक आहे, सरकारी कामांचे नियम, सुरक्षेचे नियम, आणि मेकॅनिक्स लीन. हे शेवटचं नीट समजून घ्या. पैसे थकले तर ज्या मालमत्तेवर काम केलं तिच्यावरच हक्क नोंदवण्याची ही सोय आहे. सब-काँट्रॅक्टरने ती वापरायची तर काम सुरू केल्यापासून २० दिवसांत प्राथमिक नोटीस द्यावी लागते. परीक्षेत प्रश्न येतोच, आणि पुढे धंद्यात याच नोटिशीने पैसे वसूल होतात.

ट्रेडच्या परीक्षेसाठी बोर्ड प्रत्येक वर्गाची अभ्यास मार्गदर्शिका मोफत देतं, त्यात विषयांची यादी असते. तिथून सुरुवात करा. भारतातून आलेल्यांनी या गोष्टींवर जास्त वेळ घालवावा, कारण आपल्याकडे या हाताला लागलेल्या नसतात:

• प्लेनम. सीलिंगच्या वरची जागा एसीची परतीची हवा नेत असेल तर तिथे साधी पीव्हीसी केबल चालत नाही, सीएमपी छाप असलेलीच लागते. मजल्यांमधून उभी जाणारी असेल तर सीएमआर.
• केबलचा आधार. फॉल्स सीलिंगच्या टाइलवर केबल पसरून टाकायची नाही, सीलिंगच्या तारांनाही बांधायची नाही. स्वतंत्र जे-हुक किंवा ट्रे हवा.
• पॉवरच्या वायरपासून अंतर. क्लास-२ (ऊर्जा मर्यादित असलेली लो-व्होल्टेज) वायर उघड्या पॉवर वायरपासून निदान दोन इंच लांब, नाहीतर मध्ये पाइप किंवा आडोसा. एकाच बॉक्समध्ये दोन्ही कोंबणं ही आपली जुनी सवय इथे नापास करते.
• कायमच्या लिंकची, म्हणजे इमारतीत पक्क्या बसवलेल्या नेटवर्क केबलची, कमाल लांबी ९० मीटर, पॅच कॉर्ड धरून १००. हे तुम्हाला माहीत असेल, पण सगळी मापं फूट-इंचात विचारली जातात. ९० मीटर म्हणजे २९५ फूट.
• मोजणी आणि अंदाज. नकाशाच्या स्केलवरून केबलची लांबी, खोके, टाकाऊ माल, मजुरीचे तास काढायचे प्रश्न.

बाजारात परीक्षेच्या शाळा भरपूर आहेत. सराव प्रश्न घ्यायला हरकत नाही, पण ‘खरी प्रश्नपत्रिका देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. प्रश्न बाहेर नेणं किंवा घेणं दोन्ही बेकायदा आहे.

९. पास झाल्यावर: बाँड आणि बाकीचं

पास झालात म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. बोर्ड आता पुढच्या गोष्टी मागतं.

बाँड २५,००० डॉलरचा. ही रक्कम १ जानेवारी २०२३ पासून आहे, आधी १५,००० होती. एवढे पैसे तुम्ही भरत नाही, शुअरिटी (हमी देणाऱ्या) कंपनीला दरवर्षी प्रीमियम देता, आणि तो तुमच्या क्रेडिटवर ठरतो. इथे नवीन असाल, क्रेडिट हिस्टरी तोकडी असेल, तर प्रीमियम चढा लागतो. म्हणून अर्ज करण्याच्या बऱ्याच आधीपासून एखादं क्रेडिट कार्ड नियमित फेडत ठेवा, आणि तीन-चार ठिकाणी भाव विचारा.

बाँडला इन्शुरन्स समजू नका. गिऱ्हाइकाचं नुकसान झालं आणि शुअरिटी कंपनीने त्याला पैसे दिले, तर ती ते तुमच्याकडून वसूल करते. तुमच्या संरक्षणासाठी जनरल लायबिलिटी इन्शुरन्स वेगळा घ्या. सोल ओनरला तो बंधनकारक नाही, तरी घ्या. शिडी सरकून गिऱ्हाइकाच्या खिडकीवर पडायला एक क्षण लागतो. इमारतींची कामं देणारे मोठे काँट्रॅक्टर तर त्याचं सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत.

एकही कर्मचारी असेल तर वर्कर्स कॉम्पेन्सेशनची पॉलिसी हवी. एकटेच असाल तर सध्या सी-७ ला सूट मागता येते, त्याचा फॉर्म भरायचा. २०२८ पासून ही सूट सगळ्यांची जाणार आहे, तेव्हा दर ठरवताना तो खर्च आत्तापासून डोक्यात धरा. भाच्याला रोखीने दोन दिवस मदतीला नेलं तरी तो कर्मचारीच, हे विसरू नका.

ॲस्बेस्टॉसची एक छोटी परीक्षाही असते, ती पुस्तक उघडून घरीच सोडवायची. तिला हसू नका. जुन्या इमारतींच्या सीलिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, आणि सीलिंगमध्ये डोकं घालणारे आपणच असतो.

१०. लायसन्स हातात आलं की

नंबर सगळीकडे छापा: व्हिजिटिंग कार्ड, जाहिरात, कोटेशन, करार. गाडीची नोंदणी कमर्शियल असेल तर तिच्यावर धंद्याचं नाव आणि नंबर हवा. मंडळाच्या दिवाळी अंकात जाहिरात दिलीत तरी त्यात नंबर हवाच.

घरगुती कामाचा करार लेखी करा, आणि आगाऊ रकमेचा नियम पाळा. ‘अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर’ हा आपला सगळ्यांचा पाठ. इथे घरदुरुस्तीच्या कामात आगाऊ रक्कम जास्तीत जास्त १,००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल ते. काम ८,००० चं असेल तर ८०० घेता येतात. २०,००० चं असेल तर १,०००, दोन हजार नाही. पुढचे हप्ते झालेल्या कामाच्या किमतीपेक्षा जास्त नसावेत. माल घ्यायला आधी पैसे लागतात हे खरं, म्हणून पुरवठादाराकडे क्रेडिट खातं उघडा. गिऱ्हाईक ओळखीचं आहे, देशस्थ-कोकणस्थ कोणीतरी नात्यातलं निघालं, तरी नियम तोच.

घरी जाऊन केलेल्या करारावर गिऱ्हाइकाला तीन दिवसांत माघार घेण्याचा हक्क असतो, ६५ किंवा त्याहून जास्त वय असेल तर पाच दिवसांत. त्याची नोटीस करारासोबत द्यायची असते. ती मुदत संपेपर्यंत खास मागवावा लागणारा, परत न जाणारा माल मागवू नका.

शहराचा बिझनेस लायसन्स वेगळा काढावा लागतो, आणि लो-व्होल्टेजच्या कामाला परमिट लागतं की नाही हे शहरागणिक बदलतं. कोटेशन देण्याआधी त्या शहराच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करा. परमिटची फी आणि इन्स्पेक्शनसाठी मोडणारा दिवस दरात धरा.

लायसन्स दर दोन वर्षांनी नूतनीकरण करायचं, सोल ओनरला सध्या ४५० डॉलर. त्याची सूचना बोर्डाकडे नोंदवलेल्या पत्त्यावर येते. आपण भाड्याची घरं बदलत राहतो, म्हणून पत्ता बदलला की ९० दिवसांत बोर्डाला कळवा, आणि लायसन्स संपण्याची तारीख फोनच्या कॅलेंडरवर तीन महिने आधीची आठवण लावून टाका. संपलेल्या लायसन्सवर केलेलं काम विनालायसन्सच धरलं जातं, आणि ७०३१ कलम तिथेही लागू होतं.